झाडाशी बांधलेला शिकारी

जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊँमधील हकीगती वाचलेल्या श्रोत्यांना मचाण म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचे मचाण बव्हंशी पुस्तकांतच उरले. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरावीक हंगामात करता येते. आणि तेथील कित्येक धनुर्धारी आता मचाणही टाकून, केवळ दोराच्या आधाराने झाडाला टेकून बसतात. या पद्धतीस 'सॅडल हंटिंग' म्हणतात. नाव खोगिराचे, पण घोडा कोठेच नाही. खोगीर चढते ते स्वाराच्याच कमरेला!

हे खोगीर म्हणजे मजबूत पट्ट्यांची एक झोळी होय. ती बसण्याच्या जागेखालून घेऊन कमरेस आवळतात. तिच्या दोन्ही बाजूंस जोडलेला आखूड दोर पुढे येतो, व तो खोडाभोवती बांधलेल्या दुसऱ्या दोरास कडीने अडकवितात. शिकारी पाटाएवढ्या पायरीवर पावले रोवून, खोडाकडे तोंड करून मागे रेलतो. खोडाचा आडोसा मिळतो. ओझे थोडे असल्याने वाऱ्याची दिशा पाहून झाडही बदलता येते. हरणाचे नाक फार तिखट असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

या सोयींना भुलून पुष्कळ जण या मार्गास लागतात. परंतु नवशिक्याने प्रथम समजून घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. अंगभर बांधावयाचा सुरक्षा-पट्टा पडणाऱ्यास झेलतो. खोगीर झेलण्यासाठी नसते. पडणे सुरूच होऊ नये, यासाठी असते. म्हणून दोर सदैव ताणलेला हवा. तो ढिला राहिला, तर निसटलेला मनुष्य आधी खाली जातो आणि मग कमरेला हिसका बसतो. दोराची लांबी जुळविण्यासाठी बहुधा प्रुसिक गाठ वापरतात. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 साली पुढे आणलेली ही गाठ भार नसताना सरकते व भार पडताच आवळते.

खरा धोका चढण्या-उतरण्यात आहे. खोडास आवळलेल्या आखूड शिड्यांवरून चढताना, विजेच्या खांबावरील तारवाल्याप्रमाणे एक दोर खोडाभोवती फिरवून कमरेस अडकवावा लागतो. वाटेत फांदी आली, की दुसरा दोर फांदीच्या वर बांधावयाचा, आणि मगच पहिला सोडावयाचा. वर पोहोचल्यावरही हाच क्रम. मुख्य दोरावर भार टाकून पाहिल्याखेरीज चढण्याचा दोर काढू नये. माडावर सरसर चढणारा गोव्यातील पाडेली हे सोपस्कार पाहून हसेलही. पण माडाला फांद्या नसतात, आणि पडतो तर तोही.

यास्तव पहिले कित्येक दिवस धनुष्य घरीच ठेवावे. जिवंत, सरळ झाड निवडून, जमिनीपासून हातभर उंचीवर, भर दिवसा सराव करावा. पाय निसटल्यास पुन्हा पायरीवर कसे यावे, हेही तेथेच शिकावे. कारण पट्ट्यांत निश्चल लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त साकळून शुद्ध हरपू शकते. आपण कोणत्या झाडावर आहोत, हे घरी कोणास तरी ठाऊक असावे.

पुढे बाण लागून हरिण कोसळते, तेव्हा बहुधा अंधारून आलेले असते, आणि उत्साहाने हात कापत असतात. जाणता शिकारी अशा वेळी लगेच उतरत नाही. तो थोडा वेळ तसाच रेलून राहतो, धनुष्य दोरीने खाली सोडतो, चढण्याचा दोर पुन्हा कमरेस अडकवितो, आणि मगच मुख्य दोरास हात घालतो.