सुरी हाती घेण्याआधी



आखाड लागला की जालना जिल्ह्यात मंठ्यापासून भोकरदनपर्यंत घरोघरच्या खुराड्याकडे नजर वळते. कोणता कोंबडा भरला, कोणत्या कोंबडीनं अंडी देणं थांबवलं, हा हिशेब बायकांच्या डोक्यात पक्का असतो. श्रावणाआधी एकदा तरी घरचं गावरान शिजतंच. कोंबडी पाळावी कशी, लस कधी द्यावी, गिरिराज आणि वनराजाची पिल्लं कशी वाढवावीत, हे आपण पुष्कळ ऐकलं आहे. पाळलेली कोंबडी कापावी कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. 2019 च्या पशुगणनेत देशभरातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे 31 कोटी 70 लाख भरल्या, आधीच्या गणनेपेक्षा जवळपास 46 टक्क्यांनी जास्त. एवढ्या जिवांच्या शेवटच्या घटकेविषयी आपण गप्प राहावं, हे मला पटत नाही.

पूर्वी हे काम गावात मुलाण्याचं होतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात मुलाण्याचा उल्लेख सापडतो. बकरं असो की कोंबडं, हिंदू घरचंसुद्धा, ते त्याच्या हातून हलाल व्हायचं आणि त्याबद्दल त्याला बलुतं मिळायचं. त्यात एक शहाणपण होतं. सुरी एकाच सरावलेल्या हातात राहायची, तिला धार असायची आणि हात थरथरत नसे. काही गावांत ही रीत अजून आहे, तिथे ती जपावी. जिथे ती मोडली, तिथे घरची कोंबडी पाय बांधून, मोटरसायकलच्या हँडलला उलटी लटकवून बाजारातल्या दुकानात नेली जाते. तिथे गर्दीच्या दिवशी मानेवर एक घाव बसतो आणि ती प्लॅस्टिकच्या पिंपात पडते. आत ती किती वेळ जिवंत असते, हे बघायला कोणाला सवड नसते.

कोंबडीचा खरा छळ सुरीच्या आधीच सुरू होतो. माणसाला छाती आणि पोट यांच्यामध्ये पडदा असतो, कोंबडीला तसा नसतो. उलटी धरली की आतड्यांचा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो आणि तिला नीट श्वास घेता येत नाही. फडफड थांबली म्हणजे ती शांत झाली, असं समजू नका. ती थकलेली असते, भ्यालेली असते. म्हणून कोंबडी दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून, सरळ उचलावी. दिवसा अंगणभर पळवून तर मुळीच धरू नये. रात्री खुराड्यात ती बसलेली असते, अंधारात तिला फारसं दिसत नाही, तेव्हा हळूच काढावी आणि डाल्याखाली ठेवावी. आठ-दहा तास दाणा देऊ नका, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि साफ करताना आतडं फुटून मांस खराब होत नाही. पाणी मात्र शेवटपर्यंत ठेवा. मराठवाड्यातल्या उकाड्यात रात्रभर तहानलेली ठेवणं ही सरळ क्रूरता आहे.

कापायचं पहाटे, गारव्यात, आणि बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड. तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा वळवून नरसाळ्यासारखा शंकू करा, कडा दुमडून बोथट करा आणि तो भिंतीला किंवा खांबाला घट्ट ठोका. कोंबडी त्यात डोकं खाली करून ठेवली की मान खालच्या तोंडातून बाहेर येते आणि पंख आवळलेले राहतात, त्यामुळे ते मोडत नाहीत. आता तुम्ही म्हणाल, उलटं धरू नका असं तुम्हीच सांगितलंत. बरोबर आहे. म्हणूनच शंकूत ठेवल्यावर क्षणाचाही उशीर नको. सुरी आधीच हाताशी हवी.

आणि ती सुरी कागद सहज चिरेल इतकी धारदार हवी. घरातली भाजीची सुरी चालणार नाही. जबड्याच्या लगेच खाली, मानेच्या दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या असतात. पिसं बाजूला सारून, एका सलग ओढीत दोन्ही बाजूंच्या कापल्या गेल्या पाहिजेत. तसं झालं तर बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदांत, कधी थोडी उशिरा, शुद्ध जाते. एकाच बाजूची तुटली तर हाच काळ कितीतरी लांबतो. सगळा फरक इथे आहे. झटका की हलाल, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. बोथट सुरी आणि अर्धवट घाव दोन्हीकडे वाईटच. मान मुरगळून मारायचा प्रकार मात्र नवख्यानं करूच नये. बऱ्याचदा कोंबडी अर्धमेली राहते. पशु क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे. अन्नासाठी प्राणी मारायला तो मोकळीक देतो, पण विनाकारण वेदना दिल्या तर ही मोकळीक उरत नाही.

घावानंतर अंग झटके देतं. ते स्नायूंचं आपोआपचं हलणं असतं. घाबरून हात मागे घेऊ नका. दोन-तीन मिनिटं रक्त वाहू द्या. मग बोटानं डोळ्याला हलका स्पर्श करून बघा. पापणी मिटली तर अजून थांबा. डोळा अजिबात हलेनासा होऊन श्वासही पूर्ण थांबल्याशिवाय गरम पाण्याला हात लावायचा नाही, मग पाहुणे दारात का उभे असेनात.

पिसं काढायला साठ ते पासष्ट अंशांचं पाणी लागतं. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी जितकं, तितकंच साधं पाणी त्यात मिसळा. मिनिटभर बुडवून हलवलं की पिसं हाताबरोबर येतात. उकळत्या पाण्यात टाकलं तर कातडी शिजून फाटते. पोट उघडताना सुरी वरवर चालवा. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी अलगद काढा, ती फुटली तर कलेजी कडू होते. पेठा चिरून आतलं पिवळं अस्तर सोलून टाका. मांस लगेच गार पाण्यात ठेवा. मे महिन्याच्या उन्हात तासभर उघडं राहिलेलं मांस खाण्याजोगं राहीलच, याची खात्री नाही. फ्रिज असेल तर रात्रभर ठेवा. ताठरलेलं मांस तेवढ्या वेळात सैल पडतं आणि लवकर शिजतं.

आजारी कोंबडी मात्र कापायची नाही. मानमोडी या रोगाची साथ आली की मरण्याआधी कापून घेऊ, असं घरोघर म्हणतात, आणि तिची पिसं-आतडी उकिरड्यावर जाऊन रोग शेजारच्या आळीत पोचतो. शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी जानेवारी 2021 मध्ये बर्ड फ्लूही निघाला होता. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर कापाकापी न करता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

शिकायचं असेल तर पहिल्या दिवशी सुरी हातात घेऊ नका. गावातल्या सरावलेल्या माणसाजवळ बसा, त्याचा हात बघा. कापून झालेल्या कोंबडीच्या मानेत रक्तवाहिन्या नेमक्या कुठे आहेत, ते बोटानं चाचपून ठेवा. लहान मुलांना बळेच उभं करू नका. विचारलं तर खरं सांगा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या दवाखान्यात कोंबडीपालनाची चौकशी करायला जाल, तेव्हा कापण्याविषयीही विचारा, आणि महिला बचत गटातल्या चार-पाच जणी मिळून जा. रक्त आणि आतडी हातभर खोल खड्ड्यात पुरून वर चुना टाका, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.