आधी साडी, मग ब्लाउजपीस

नवा ब्रँड काढायचा म्हटलं, की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "लोगो कधी दाखवताय?" माझं आजचं म्हणणं एवढंच, की लोगो नंतर. आधी मूडबोर्ड.

मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन "हिरवा ब्लाउजपीस द्या" एवढंच कुणी सांगतं का? आपण साडी पिशवीत घालून नेतो, पदर काउंटरवर पसरतो, ताका दाराशी उजेडात नेऊन ताडून बघतो. मग "मॉडर्न हवं, पण आपलं वाटलं पाहिजे" हे बैठकीत नुसतं तोंडी ठरवून कसं भागेल? मालकाला त्यात काचेची इमारत दिसते, चित्रकाराला वारली. मूडबोर्ड म्हणजे काउंटरवर पसरलेला तो पदर. रंगाचे तुकडे, कापड, अक्षरांचे नमुने, फोटो, सगळं शेजारी शेजारी.

आणि पदर स्वतःच्या साडीचा आणा हो! इंटरनेटवरून उचललेली फिकट भिंत आणि कुंडीतलं रोप, हा शेजारणीचा पदर. तुमचा मसाल्याचा कारखाना ना? मग वाळत घातलेल्या मिरच्यांचे, पोत्यांचे फोटो काढा.

उदाहरण म्हणून एअर इंडिया घ्या. तिच्या जाहिरातींतला महाराजा 1946 चा. कल्पना कंपनीतल्याच बॉबी कूका यांची, चित्र उमेश राव यांचं. पण एकट्या महाराजावर भागलं नाही. 1971 मध्ये जंबो जेट आलं, तेव्हा खिडकीखिडकीभोवती झरोक्याची महिरप रंगवली, आतल्या सजावटीतही राजवाड्याचाच थाट. कलादिग्दर्शन म्हणतात ते हे. 2023 मध्ये कंपनीनं रूप पालटलं, तरी नव्या चिन्हाचा आकार त्या खिडकीच्या महिरपीवरूनच सुचलेला. म्हणून पुन्हा सांगतो, लोगो नंतर!

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आल्याच्या खुणा सुरू झाल्या आहेत. घाईत सांगतो, बोर्डावर पन्नास चित्रं चिकटवू नका. काउंटरवर ताक्यांचा ढीग पडला की पदर खाली दबतो, आणि मग दुकानदार देईल ते घेऊन घरी यावं लागतं. निम्मी चित्रं काढा. काढताना भांडणं होतील, होऊ द्या. लोगो छापून झाल्यावर भांडण्यापेक्षा ती स्वस्त पडतात.

अक्षरांचं राहिलंच. इंग्रजी नाव आधी बसवायचं आणि देवनागरी मागाहून कोंबायची, ही आपली जुनी खोड. अक्षररचनाकार कमल शेडगे नाटकाचं नाव लिहीत, तेव्हा नाटकाचा बाज अक्षरातच उतरायचा. तेव्हा बोर्डाचा एक कोपरा देवनागरीला... बरं, वेळ संपली.