पोटावरचा हात

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या पटांगणात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या फिजिओथेरपिस्ट आहेत.)



रौप्यमहोत्सवाच्या मांडवात पोट चोळण्याचा विषय कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. झालं असं की, आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. एक परदेशी थेरपिस्ट पेशंटच्या पोटावर नुसता अलगद हात ठेवून बसलाय, आणि खाली लिहिलंय की तो यकृत आणि आतडी मोकळी करतोय. त्यावर दोघी-तिघींनी विचारलं, हे आपल्याकडच्या बेंबी बसवण्यासारखंच का गं? कमिटीनं लगेच तोच विषय माझ्या गळ्यात घातला. पण प्रश्न चांगला आहे.

आधी हे सांगते, की पोटातले अवयव खरोखरच हलतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा घुमट आहे. साध्या श्वासात तो एक-दोन सेंटिमीटर खाली येतो, खोल श्वासात त्याच्या कितीतरी पट. त्याच्यासोबत यकृत, जठर, प्लीहा आणि मूत्रपिंडंसुद्धा खाली-वर होतात. मिनिटाला १४ श्वास धरले तर दिवसाला साधारण २०,००० वेळा. म्हणजे तुमच्या यकृताला दिवसभर फुकटात मालिश चालूच आहे!

आणि आतडी? लहान आतडं सहा मीटरच्या आसपास लांब. ते ज्या पातळ पडद्यानं पाठीच्या बाजूला बांधलेलं असतं, त्या पडद्याची मुळाची रेघ मात्र जेमतेम १५ सेंटिमीटर. नऊवारीच्या निऱ्या आठवा. कमरेशी चार बोटांत खोचलेल्या आणि खाली हा एवढा घेर. आतडं अगदी तसंच लटकलेलं असतं, म्हणून त्याला सरकायला, घसरायला, वळायला मोकळीक मिळते. ऑपरेशननंतर कधीकधी हे पडदे एकमेकांना चिकटतात, तेव्हा त्रास होतो.

व्हिडिओतल्या उपचाराचं नाव व्हिसरल मॅनिप्युलेशन. फ्रान्समधले फिजिओथेरपिस्ट आणि ऑस्टिओपॅथ झाँ-पिएर बाराल यांनी तो मांडला. १९८३ साली त्यांचं आणि पिएर मर्सिए यांचं यावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की श्वासासोबतच्या हालचालीखेरीज प्रत्येक अवयवाला स्वतःची एक अगदी संथ लय असते, ती शिकलेल्या हाताला कळते, आणि बिघडली तर हलक्या दाबानं परत लावता येते. पहिला भाग, म्हणजे श्वासासोबतची हालचाल, सोनोग्राफीत कुणालाही दिसते. दुसऱ्या भागाचं मात्र अवघड आहे. २०१८ साली फ्रेंच संशोधकांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. एकाच पेशंटला वेगवेगळे थेरपिस्ट हात लावतात तेव्हा त्यांचं निदान भरवशानं जुळतं, असं त्यांना दिसलं नाही. उपचाराचा गुण येतो याचाही ठोस पुरावा मिळाला नाही. माझं मत विचाराल तर, हलका हात आहे, इजा सहसा होत नाही, माणूस अर्धा तास शांत पडून राहतो, त्यानं बरं वाटतं. पण त्यासाठी हजारो रुपयांचं पॅकेज घेऊ नका.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस मला फार मोठा वाटतो. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद. एके काळी ते खानदेशात अमळनेरला शिकवायचे. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे नुसतं सांगण्यापेक्षा त्यांनी ते मोजायचं ठरवलं. क्ष-किरणांखाली श्वासपटल किती वर चढतं ते पाहिलं. आतड्यात नळी सोडून ती पाऱ्याच्या दाबमापकाला जोडली आणि नौली करायला लावली. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला दिसला. बस्ती करणारे योगी पाण्यात बसून आतड्यात पाणी ओढून घेतात ते कसं, याचं उत्तर तिथं मिळालं. या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासजींचं नाव दिलं. १९२४ साली कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे त्रैमासिकही. शंभर वर्षांपूर्वी एक संन्यासी म्हणतोय, अनुभव आला ना, मग आता मोजून बघू. तीच कसोटी मी फ्रेंच उपचाराला लावते आणि आपल्या बेंबीलाही.

आता बेंबीकडे येते. मागे बसलेल्या आजी हसायला लागल्यात! बेंबी सरकली म्हणून अंगठा ओढणं, दोऱ्यानं माप घेणं, पोटावर दिवा ठेवून तांब्या पालथा घालणं, तेल लावून चोळणं, यातलं काहीतरी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी झालेलं आहे. बेंबी म्हणजे जन्माच्या वेळी कापलेल्या नाळेचा व्रण, ती काही जागा सोडत नाही. मग जाणकार बाई पोटावर बोटं ठेवून ठोका चाचपते तो कशाचा? तो महाधमनीचा. हृदयातून निघालेली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी बेंबीच्या आसपासच दोन्ही पायांकडे दुभंगते. बारीक माणसाच्या पोटावर तिचा ठोका सहज लागतो आणि तो कुणाचा जरा डावीकडे, कुणाचा जरा वर लागतो. बाईच्या बोटांना लागलेला ठोका खराच असतो, त्याचा अर्थ मात्र वेगळा. आणि आराम पडतो तोही खोटा नाही. गॅसची कळ किंवा साधे जुलाब बहुतेकदा एक-दोन दिवसांत आपोआप ओसरतात. त्यात ऊबदार हात आणि मायेचं माणूस, मग बरं वाटणारच.

पण इथंच एक धोका आहे, आणि आज एवढंच लक्षात ठेवून घरी गेलात तरी चालेल. अपेंडिक्सला सूज आली की पहिली कळ बेंबीपाशी येते! अपेंडिक्स खाली उजवीकडे असतं, पण त्याच्या नसा मणक्यात जिथं पोचतात तिथंच बेंबीच्या त्वचेच्या नसाही पोचतात. त्यामुळे मेंदूची गल्लत होते. काही तासांनी दुखणं खाली उजवीकडे उतरतं, भूक मरते, उलटी होते, अंग तापतं, रिक्षा खड्ड्यातून गेली तरी पोट कळवळतं. या मधल्या तासांत पोर बेंबीला हात लावून रडतं आणि घरचे म्हणतात, बेंबी सरकली. मग चोळणं होतं, एरंडेल पाजलं जातं. सुजलेलं अपेंडिक्स फुटलं तर जिवावर बेततं. दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं तर हात लावू नका, जुलाबाचं औषध देऊ नका, सरळ १०८ ला फोन करा किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरा. घाटात ट्रक आडवा झाला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून सकाळची वाट बघू नका.

आणखी एक गोष्ट, जी मुलगे लाजून सांगत नाहीत. दहा-पंधरा वर्षांच्या मुलाचं ओटीपोट अचानक जोरात दुखायला लागलं, तर आईनं नाहीतर वडिलांनी खाली अंडकोष दुखतोय का, सुजलाय का, हे विचारावं, बघावं. वृषणाला पीळ पडलेला असला तर साधारण सहा तासांच्या आत सोडवावा लागतो.

बाळंतिणीचं थोडक्यात सांगते. वार पडल्यावर सुईण किंवा नर्स गर्भाशय चोळते, ते रक्तस्राव कमी व्हावा म्हणून, त्याला आधार आहे. कळा चालू असताना मूल लवकर यावं म्हणून वरून पोट दाबणं मात्र घातक. सिझेरियन झालेल्या सुनेचं पोट तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कुणी चोळू नये, मग मालिशवाल्या मावशी कितीही अनुभवी असोत.

मग घरी पोटाला हात लावायचाच नाही का? लावा की. पोट साफ होत नसेल तर जेवणानंतर दीड-दोन तासांनी उताणं पडा, गुडघे वाकवा, हाताला कोमट तेल घ्या. उजव्या कमरेच्या हाडाजवळून सुरुवात करून वर बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली. मोठ्या आतड्याची वाट तशीच आहे. दाब किती? पिकलेला आंबा दाबून बघता तितकाच. पाच-दहा मिनिटं पुरे. यानं सगळ्यांना फरक पडतो असं काही मी म्हणणार नाही. गरोदर बाई, हर्निया, ताप, उलटी, शौचातून रक्त, फळीसारखं कडक झालेलं पोट, यांपैकी काहीही असलं तर चोळायचं नाही.

शेवटी मंडळींनी प्रश्न विचारले. त्यातला एक इथं देते, कारण तो निम्म्या बिल्डिंगचा आहे. एका काकांनी विचारलं, “मी तीस वर्षं पहाटेची कसारा लोकल पकडली. आता रिटायर झालो तरी पोट साफ होत नाही. तुमच्या हातानं होईल का?”

काका, लोकलमध्ये संडास नसतो, म्हणून तुम्ही तीस वर्षं कळ दाबून धरलीत. सारखी दाबली की ती हळूहळू यायचीच थांबते. माझ्या हातापेक्षा तुमच्या चहाचा उपयोग जास्त आहे. पोटात काही गेलं की मोठं आतडं जोरानं हलतं, आणि सकाळी तर जास्तच. तेव्हा चहा-नाश्ता झाला की वीस मिनिटांत रोज ठरल्या वेळी जाऊन बसा, आली नाही तर दहा मिनिटांनी उठा, कुंथू नका, आणि पेपर बाहेरच ठेवा. आपल्याकडे बऱ्याच फ्लॅटमध्ये आता भारतीय संडास काढून कमोड बसवलेत. त्यावर बसताना पायाखाली पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि उकिडवं बसल्यासारखं होतं. महिनाभर करून बघा. मात्र वजन उतरत असेल, रक्त दिसत असेल किंवा ही तक्रार अलीकडेच अचानक सुरू झाली असेल, तर पाटाची वाट न बघता आधी डॉक्टरांना दाखवा.