ऐंशी रुपयांचे कर्ज
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी युवा मेळाव्यात केलेले भाषण)



‘सामाजिक उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन’ असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. मार्गदर्शन हा शब्द मोठा आहे. मी घाटकोपरमध्ये असा एक उद्योग सुरू करून तो बंद केलेला मनुष्य आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात उत्तेजन कमी आणि हिशेब जास्त असेल. याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात भगिनी पापड लाटायला बसल्या. भांडवल होते ऐंशी रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. ही कथा प्रत्येक समारंभात सांगितली जाते आणि टाळ्याही मिळतात. परंतु ते ऐंशी रुपये देणगी नव्हते, छगनलाल करमसी पारेख, म्हणजेच छगनबाप्पा, यांच्याकडून घेतलेले कर्ज होते. तोटा झाला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही आणि हिशेब व्यापारी पेढीसारखा चोख ठेवायचा, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम सुमारे चार महिने बंद ठेवावे लागले. पुढील वर्षी खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी युक्ती निघाली. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. आपल्या उपनगरांनी लिज्जतलाही एकदा परत पाठवले आहे! संस्थेची रीतसर नोंदणी झाली १९६६ मध्ये, म्हणजे काम सुरू झाल्यावर सात वर्षांनी. आमचे तरुण मित्र मात्र आधी बोधचिन्ह काढतात, लेटरहेड छापतात आणि मग काम शोधू लागतात.

आता माझी गोष्ट. अकरा भगिनींना घेऊन आम्ही खाखरे आणि फराळाचे पदार्थ करू लागलो. खोली एका हितचिंतकाने विनामूल्य दिली होती, यंत्र देणगीतून आले होते. किंमत ठरवताना आम्ही पीठ, तेल, गॅस आणि मजुरी एवढेच धरले. दोन वर्षे वहीत नफा दिसत होता आणि मी सभांमधून भाषणे करीत होतो. तिसऱ्या वर्षी खोली परत करावी लागली. भाडे धरताच प्रत्येक पाकिटामागे तोटा निघाला. नफा कधी नव्हताच; त्या गृहस्थांची खोली होती. त्याच सुमारास एका मोठ्या खरेदीदाराने आमचे बिल चार महिने अडकवले. दोन महिने मजुरी थकली. एका संध्याकाळी आमच्यातील एक भगिनी घरी आल्या, पण उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. म्हणाल्या, “भाऊ, मदत नको. लाटल्याचे पैसे द्या.” ते मी घरातून दिले, सर्वांचेच दिले, आणि काम थांबवले. लिज्जतच्या पद्धतीत भगिनींनी लाटून आणलेले पापड तपासून, वजन करून त्यांची वणाई चुकती होते. मी ते वाचले होते. पाळले मात्र नव्हते.

म्हणून सांगतो, जागा फुकट मिळाली तरी तिचे बाजारभावाने भाडे खर्चात लिहा. स्वतःचा पगारही लिहा, मग तो घेऊ नका हवे तर. खाद्यपदार्थ करणार असाल तर अन्न परवाना पहिल्या दिवसापासून हवा. उद्योग ‘उद्यम’ नोंदणीत आणा. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराला पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. मला हे फार उशिरा कळले. ट्रस्टच्या नावाने विक्री करण्यापूर्वी सनदी लेखापालांना विचारा, कारण धर्मादाय संस्थेच्या व्यापारी उत्पन्नावर आयकराच्या मर्यादा आहेत. देणगीचे खाते आणि विक्रीचे खाते एकत्र करू नका. आणि किती रक्कम बुडाली म्हणजे थांबायचे, तो आकडा आजच घरच्यांसमोर लिहून ठेवा. नोकरी सोडण्याची घाई करू नका. शनिवार-रविवारी पन्नास अनोळखी गिऱ्हाइकांना माल विकून पाहा. नातेवाईक आणि साधर्मिक यांची खरेदी त्यात धरू नका, ते प्रेमापोटी घेतात.

विश्वस्तांनाही एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुणांच्या उद्योगांसाठी निधी द्यावा, असा विचार येथे चालू आहे. तो देणगी म्हणून देऊ नये. बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावा, परतफेडीची तारीख लिहून घ्यावी आणि दर तीन महिन्यांनी हिशेब मागावा. काहींना ते कठोर वाटेल. माझ्याकडे पहिल्या वर्षी कोणी हिशेब मागितला असता, तर भाड्याचा प्रश्न तेव्हाच निघाला असता.

त्या तीन वर्षांच्या वह्या मी आज सोबत आणल्या आहेत. अल्पोपाहारानंतर सभागृहातच बसणार आहे. ज्यांना चुका आकड्यांत पाहायच्या असतील त्यांनी अवश्य यावे, आणि येताना आपली किंमत ठरवण्याची आकडेमोड घेऊन यावे.