पांखरांची रोजकीर्द

पिंपरी-चिंचवड हें नांव उच्चारतांच यंत्रांचा आवाज कानांत घुमूं लागतो. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९८२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि पुढें ही कारखान्यांची रांग चाकणच्या माळापर्यंत जाऊन पोहोंचली. अशा ठिकाणीं पशुपक्ष्यांची यादी ठेवण्याची गोष्ट काढली तर कोणासहि हंसूं येईल. परंतु पवनेच्या कांठीं ढोकरी अद्याप उभी असते, गच्चीवरून घार दिसते, कंपनीच्या कुंपणालगत टिटवी ओरडते. या दर्शनांची नोंद संगणकावरील तक्त्यांत, ज्याला आपण स्प्रेडशीट म्हणतों त्यांत, कशी मांडावी एवढाच आजचा विषय आहे. उदाहरणें पक्ष्यांचीं घेतों. फुलपांखरें, साप, वृक्ष यांनाहि तीं लागू पडतील.

बहुतेकांची यादी एकाच रकान्याची असते. पक्षी दिसला, नांव लिहिलें, शेवटीं बेरीज केली: माझे एकशें दहा झाले! यांत आनंद आहे, आणि त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण ही यादी म्हणजे रोजकीर्दीवांचून लिहिलेली खतावणी होय. कोणताहि मुनीम असें करणार नाहीं. व्यवहार घडला कीं तो प्रथम रोजकीर्दींत उतरतो, आणि तेथून ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. आपल्या तक्त्याचींहि अशीं दोन पानें असावीं. पहिलें पान दर्शनांचें. एक दर्शन, एक ओळ. तींत तारीख, वेळ, ठिकाण, जात, संख्या आणि ओळख कितपत खात्रीची आहे तें. दुसरें पान जातींचें. तेथें एका जातीस एकच ओळ; तींत शास्त्रीय नांव, मराठी नांवें, इंग्रजी नांव आणि कुल. पक्षी प्रथम केव्हां दिसला, एकंदर किती वेळां दिसला, हे आंकडे दुसऱ्या पानावर हातानें मुळींच लिहूं नयेत. ते पहिल्या पानावरून आपोआप यावे. काउंटइफ आणि मिनइफ्स हीं दोन सूत्रें त्यास पुरेशीं आहेत.

खरी अडचण नांवांची. आपला भारद्वाज घ्या. त्यालाच कोणी कुंभारकावळा म्हणतो, कोणी सोनकावळा. माणसाला हें ठाऊक असतें. संगणक मात्र निमूटपणें तीन पक्षी मोजतो. फार काय, नांवाच्या शेवटीं चुकून एक मोकळी जागा राहिली तरी त्याच्या लेखीं तो निराळा प्राणी होतो. म्हणून पहिल्या पानावर नांव टंकण्याऐवजीं दुसऱ्या पानावरील यादींतून निवडण्याची सोय करून ठेवावी. उलट ‘बगळा’ या एका शब्दांत गायबगळा, छोटा, मध्यम आणि मोठा, असे चार तरी दडलेले असतात. नक्की कोणता तें कळलें नसेल, तर ‘बगळा, जात अनिश्चित’ असें स्वतंत्र खातें असावें. अंदाजानें एखाद्याच्या खात्यावर जमा करूं नये.

शास्त्रीय नांव तरी स्थिर असेल, असें वाटतें. पण ढोकरीचीच कथा ऐका. कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याच्याकडे १८२४ सालीं मुंबई सरकारनें दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीचें काम सोपविलें. आंकड्यांची आवड असलेला हा गृहस्थ पुढें लंडनच्या संख्याशास्त्रीय मंडळाच्या संस्थापक सभासदांपैकीं एक झाला. १८३२ सालीं त्यानें दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. तींत ढोकरीस नांव मिळालें ‘अर्डिया ग्रेयी’. आज ती ‘अर्डिओला ग्रेयी’ आहे. गायबगळ्याचें तर २०२३ सालीं ई-बर्डच्या यादीनें दोन जातींत विभाजन केलें, पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील. आतां ज्याच्यापाशीं नुसतें नांव आहे त्यानें काय करावें? ज्याच्यापाशीं रोजकीर्द आहे तो ठिकाणाच्या रकान्यावर नजर टाकतो. चिखलीस पाहिलेला पूर्वेकडील, नाइलच्या कांठीं पाहिलेला पश्चिमेकडील, आणि काम संपतें. प्रत्येक जातीस आपला स्वतःचा, कधींहि न बदलणारा खातेक्रमांक देऊन ठेवला म्हणजे नांव एकाच जागीं सुधारावें लागतें.

ठिकाणाच्या रकान्यांत नुसतें ‘चाकण’ लिहिणें म्हणजे पत्रावर ‘हिंदुस्थान’ एवढाच पत्ता घालणें. वाडीचें नांव लिहावें आणि सोबत अक्षांश-रेखांशहि द्यावे. कारण येथें ठिकाणेंच नाहींशीं होतात. काल ज्याला लोक माळ म्हणत त्याला आज ‘फेज’ म्हणतात. साइक्सच्याच नांवानें ओळखला जाणारा तुरेवाला चंडोल दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळांवर राहतो. गोदामाच्या पत्र्यावर तो संसार थाटीत नाहीं. तो गेला हें सांगावयास साक्ष कोणाची काढणार? २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें कांहीं प्रकल्पांस पर्यावरण-मंजुरीपूर्वीं जनसुनावणी घ्यावी लागते. तेथें ‘पूर्वीं पुष्कळ पांखरें होतीं’ या वाक्याला कोणी विचारीत नाहीं. दहा वर्षांच्या तारीखवार ओळींना उत्तर द्यावें लागतें. आणि त्या ओळींत शून्यहि हवें. त्या माळावर गेलों, तासभर पाहिलें, चंडोल दिसला नाहीं, हीसुद्धां नोंदच आहे. रिकामें घर आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

बारीकसारीक गोष्टी थोड्या. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमानें लिहावी. नाहींतर पांच जूनची सहा मे होते. क्रम लावतांना सगळे रकाने निवडावे, एकच रकाना हलविला तर मोराची तारीख घुबडाला जाऊन चिकटते. रंगांचा सोस मला पसंत नाहीं. पिवळें घर म्हणजे काय, हें दोन वर्षांनीं घरधन्यालाहि आठवत नाहीं, आणि साध्या सूत्रांना रंग मोजतां येत नाहींत.

जुन्या पेढ्यांवर लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडतात. त्या सुमारास आपल्या फाइलची एक प्रत साध्या मजकुराच्या, म्हणजे सीएसव्हीच्या रूपांत काढून दुसऱ्या जागीं ठेवावी. २००२ सालीं सुरू झालेल्या ई-बर्डवर जुन्या नोंदी पाठवावयाच्या झाल्या तरी हेंच रूप चालतें. हिंवाळी पाहुणे तोंवर आलेले असतात. करड्या धोब्याची त्या वर्षींची पहिली तारीख त्या प्रतींत सांपडावी.