जट आणि धाक

बाईच्या केसांत जट झाली की आपल्याकडे म्हणतात, देवी आली; आता फणी नको, कात्री तर नाहीच. मग पाण्याऐवजी हळदकुंकू पडतं आणि गुंता घट्ट होतो. मूळ कारण साधं: केस विंचरणं राहिलं, त्यात घाम, धूळ. नवी जट तेल लावून, टोकाकडून बोटांनी हळूहळू सुटते. जुनी कापावीच लागते. नाहीतर ओझ्यानं मान दुखते, उवा होतात.

हल्ली शहरातली काही मुलं हौसेनं जटा राखतात. ती शाम्पूनं डोकं धुतात, मुळापर्यंत वाळवतात, कंटाळा आला की कापतात. तिथं हौस आहे, इथं धाक.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली उभ्या केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालून अशा जटा कापतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात होळीला सैलानीबाबांच्या यात्रेत हिंदू-मुसलमान दोघंही दुखणी घेऊन येतात. मी मुसलमान; पण धाक मला दोन्ही घरांत सारखाच दिसला. देवी आई असेल, तर लेक न्हाली म्हणून रागावेल कशी? घरात कुणाच्या केसांत गुंता दिसला, तर आधी तेलाची वाटी आणा.