दोन उद्रेकांच्या मधले मूल

दोन-तीन वर्षांच्या मुलाने जमिनीवर लोळण घ्यावी, हातपाय आपटावेत, यात काळजीचे काही नसते. बोलता येऊ लागले, थोडा धीर धरता येऊ लागला की हे आकांडतांडव बहुधा ओसरते. पण आठ-नऊ वर्षांचे मूल गणित चुकले म्हणून वही फाडते, मोबाइल काढून घेताच हाताला येईल ते फेकते आणि हे वर्षभर, आठवड्यातून अनेकदा चालते, तेव्हा त्याला ‘लाडावलेले’ म्हणून मोकळे होणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

पालक तक्रार करतात ती उद्रेकाची. निदानाला त्याहून महत्त्वाची असते दोन उद्रेकांमधली मनःस्थिती. भडकून पुन्हा हसायला-खेळायला लागणारे मूल वेगळे आणि जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ धुमसत राहणारे मूल वेगळे.

हा भेद न केल्याचे परिणाम अमेरिकेत दिसले. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात तिथे बायपोलर निदान झालेल्या मुलांच्या दवाखान्यातील भेटी सुमारे चाळीसपट वाढल्या. बायपोलर आजारात उन्मादाचा काळ येतो आणि सरतो. दोन उद्रेकांमध्येही धुमसणाऱ्या मुलांची चिडचिड मात्र सरतच नाही. एलेन लायबेनलुफ्ट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा मुलांचा ‘सीव्हियर मूड डिसरेग्युलेशन’ हा वेगळा गट मांडला. पुढच्या पाठपुराव्यात या गटातल्या ८४ मुलांपैकी एकालाच उन्मादाचा झटका आला. बायपोलर असलेल्या ९३ पैकी ५८ जणांना आला. चिडचिडी मुले मोठेपणी बहुधा नैराश्याकडे व चिंतेकडे झुकतात, असेही अभ्यासांत दिसले. म्हणून २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेने अशा मुलांसाठीचे ‘डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर’ हे निदान नैराश्याच्या विकारांत ठेवले. त्यासाठी आठवड्यातून सरासरी तीन वा अधिक उद्रेक, कमीत कमी वर्षभर, घर, शाळा, सवंगडी यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावे लागतात. सुरुवात दहा वर्षांच्या आत झालेली असावी लागते. सहा वर्षांच्या आधी मात्र हे निदान करत नाहीत.

या मुलांना हवे ते हुकले की ते सोसवत नाही, समोरचा साधा चेहराही रागावलेला वाटतो. घरातले चक्र त्यात भर घालते: ओरडा वाढला की मोठी माणसे नमतात, नाहीतर हात उगारतात.

उपचारांची सुरुवात म्हणूनच पालकांच्या प्रशिक्षणाने होते. उद्रेक चालू असताना समजावणे व्यर्थ असते. तेव्हा कमी बोलावे, इजा टाळावी आणि चर्चा मूल निवल्यावर करावी. मुलाला राग चढताना ओळखायला शिकवणारी वर्तनोपचाराची सत्रेही उपयोगी पडतात. एडीएचडी (अवधानाचा अभाव व अतिचंचलता), चिंता, अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता आहे का, हे आधी तपासावे लागते. एडीएचडी असेल तर त्यावरच्या औषधाने चिडचिडही पुष्कळदा उतरते. बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या लिथियमची सतत धुमसणाऱ्या मुलांवर चाचणी झाली, तेव्हा ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. रिस्पेरिडोनसारखी औषधे वजन वाढवतात, म्हणून ती जपून आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिली जातात. मूल मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा करू लागले तर मात्र थांबू नये. मानसोपचारतज्ज्ञांना त्वरित गाठावे. भारतात टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.